संडास तीनवर, कॅलप्रोटेक्टिन हजारावर: क्रोन्स आजारात गांजाचं तेल घेणाऱ्या रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण २९ वर्षांचा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर तीन पाळ्यांत काम, राहायला सिडकोत, घरी आई-वडील आणि बायको. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

तीन वर्षांपूर्वी पोटदुखी, पातळ संडास आणि घटतं वजन यांसाठी कोलोनोस्कोपी झाली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण सापडले, पण बायोप्सीवरून निकाल लागला नाही. पोटाचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) यांचं आतड्यातलं रूप इतकं सारखं असतं की आपल्याकडे असं वारंवार होतं. प्रघाताप्रमाणे आधी सहा महिने टीबीचा कोर्स दिला गेला. तो संपल्यावरही व्रण तसेच राहिले, तेव्हा क्रोन्सचं निदान पक्कं झालं.

पुढे ॲझाथायोप्रिन हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध रोज १०० मिग्रॅ सुरू झालं. ५२ किलो वजनाला हा डोस योग्यच. तरी वर्षभरात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे दोन कोर्स लागले. दोन्ही वेळा ४० मिग्रॅवरून दर आठवड्याला ५ मिग्रॅ कमी करत आणलं आणि दोन्ही वेळा १५ च्या खाली उतरताच त्रास उलटला. याला स्टेरॉइडवर अवलंबून राहणं म्हणतात, आणि इथे बायोलॉजिक औषधाचा (दाह घडवणारा रोगप्रतिकारशक्तीतला ठरावीक घटक रोखणारं इंजेक्शन) विचार करायचाच असतो. तो मे महिन्यात सुचवला गेला. त्या वेळी विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन ९८० (आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन; ५० च्या आत सामान्य, २५० च्या वर दाह सक्रिय) आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) २२ होतं. इंजेक्शनची किंमत ऐकून कुटुंब घरी गेलं आणि चार महिने आलंच नाही.

अडचण

सप्टेंबरमध्ये रुग्ण परत आला तो खुशीत. दिवसाला सात असलेली संडास तीनवर आली होती, झोप लागत होती, वजन ५४ झालं होतं. हार्वे-ब्रॅडशॉ निर्देशांक (सर्वसाधारण तब्येत, पोटदुखी, पातळ संडासची संख्या अशा बाबींवरून काढलेले गुण) ११ वरून ४ वर उतरला होता. पाचच्या खाली आला की कागदोपत्री आजार शांत मानतात.

‘आणखी काही घेता का? आयुर्वेदिक, तेल, चूर्ण, काहीही?’ असं विचारल्यावर उत्तर आलं. जूनपासून ऑनलाइन सल्ल्यावर मागवलेलं ‘विजया अर्क’ तेल (विजया हे गांजा-भांगेच्या झाडाचं आयुर्वेदातलं नाव), रोज रात्री १ मिली. जुलैत ॲझाथायोप्रिन स्वतःहून बंद. ऑगस्टमध्ये तेलाचा खर्च झेपेना, म्हणून काही रात्री तंबाखूत मिसळून गांजा. शेवटची गोष्ट त्याने बायकोला बाहेर पाठवून सांगितली. कुंभमेळ्यात साधूंची चिलीम पाहत मोठं झालेल्या नाशिककराला गांजा अनोळखी नसतो. डॉक्टरसमोर त्याचं नाव काढणं मात्र जड जातं.

आईचा सवाल सरळ होता: ‘डॉक्टर, पोरगं दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर भाकरी खातंय. आता हेही बंद करायला सांगणार का?’

त्याच दिवशी पाठवलेल्या तपासण्यांचे निकाल चार दिवसांनी आले. कॅलप्रोटेक्टिन १,०४०. सीआरपी २६. शिवाय एएलटी हे यकृताचं एन्झाइम ९६, म्हणजे वाढलेलं. लक्षणं निम्म्याहून कमी झाली होती, दाह तसूभरही हलला नव्हता.

पुरावा काय सांगतो

आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आतड्याच्या दाहक विकारांत (क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस) गांजावर झालेल्या चाचण्या नीट पाहाव्या लागतात. त्या मोजक्या आणि लहान आहेत.

२०१३ मध्ये इस्रायलमध्ये क्रोन्सच्या २१ रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. ११५ मिग्रॅ टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेल्या सिगारेटी दिवसातून दोनदा, समोर टीएचसी काढून टाकलेला गांजा. लक्षणांत ठळक सुधारणा ११ पैकी १० जणांत दिसली, दुसऱ्या गटात १० पैकी ४ जणांत. पूर्ण उतार मात्र ५ विरुद्ध १, आणि एवढ्या लहान गटांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो. सीआरपीत फरक नव्हता. गांजा थांबवल्यावर दोन आठवड्यांत त्रास परतला.

त्याच गटाने २०१७ मध्ये नुसतं सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक), १० मिग्रॅ दिवसातून दोनदा, देऊन पाहिलं. काहीच उपयोग झाला नाही. २०२१ मध्ये क्रोन्सच्या ५६ जणांना तोंडावाटे तेल दिलं, प्रत्येक मिलीत १६० मिग्रॅ सीबीडी आणि ४० मिग्रॅ टीएचसी. सीडीएआय हा लक्षणांचा निर्देशांक २८२ वरून १६६ वर आला, प्लासिबो (औषधाचा अंश नसलेलं दिखाऊ तेल) गटात २६४ वरून २३७ वर. दुर्बिणीतून दिसणारे व्रण, सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिन यांत दोन्ही गटांत फरक नव्हता. आपल्या रुग्णाच्या अहवालात दिसतं ते हेच.

अल्सरेटिव्ह कोलायटिसचं चित्रही असंच आहे. सीबीडीयुक्त अर्काच्या ६० जणांच्या चाचणीत (२०१८) उतार २८ टक्के विरुद्ध २६ टक्के. ३२ जणांच्या दुसऱ्या चाचणीत (२०२१) गांजाच्या सिगारेटींनी लक्षणं आणि जीवनमान सुधारलं, दाहाच्या खुणा नाही. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या दोन आढाव्यांनीही परिणामाबद्दल ठाम काही म्हणता येत नाही असाच निर्वाळा दिला.

असं का होतं? आतड्याच्या मज्जातंतूंवर सीबी१ नावाचे ग्राहक (रसायन जिथे चिकटतं त्या जागा) असतात. टीएचसी त्यांना चिकटलं की आतड्याची हालचाल मंदावते, स्राव घटतो, वेदना बोथट होते, भूक वाढते, झोप लागते. रोगप्रतिकारक पेशींवर सीबी२ ग्राहक असतात आणि उंदरांत त्यांच्यामार्फत दाह कमी होताना दिसतो. माणसाच्या आतड्यात तो परिणाम अजून सिद्ध झालेला नाही. सीडीएआयमधल्या तीन मोठ्या बाबी म्हणजे सात दिवसांची पातळ संडास, पोटदुखी आणि ‘एकूण कसं वाटतं’. गांजा नेमका याच तिन्हींवर काम करतो. गंमत म्हणजे जुलाब थांबवायला लोमोटिल किंवा अफूजन्य औषध घेतलं तर सीडीएआयमध्ये ३० गुण वाढतात. आतड्याची गती तशीच मंदावणारा गांजा घेतला तर एकही नाही. त्यातून नशा चढली की आपल्याला खरं औषध मिळालंय हे रुग्ण ओळखतोच, म्हणजे अंधचाचणीही पुरती अंध राहत नाही.

कॅनडातल्या ३१३ रुग्णांच्या २०१४ च्या पाहणीत क्रोन्ससाठी सहा महिन्यांहून जास्त गांजा घेणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता सुमारे पाचपट आढळली. यावरून गांजामुळे शस्त्रक्रिया होते असं म्हणता येत नाही, कारण ज्यांना त्रास जास्त तेच गांजाकडे वळतात. पण बरं वाटत असताना आजार आत पुढे सरकत राहतो, ही शंका त्यामुळे बळावते.

समोरचे पर्याय

पहिला: बरं वाटतंय तर चालू ठेवावं. कॅलप्रोटेक्टिन १,०४० असताना हा पर्याय म्हणजे आतड्यात अडथळा येण्याची वाट पाहणं.

दुसरा: सगळं आजच बंद, नाहीतर उपचार नाही. हा हट्ट केला की रुग्ण एक तर येणं सोडतो, नाहीतर खोटं बोलू लागतो. शिवाय अचानक थांबवल्यास एक ते तीन दिवसांत चिडचिड, निद्रानाश आणि भूकमंदी सुरू होते आणि आठवडा-दोन आठवडे टिकते. त्यात दबलेले जुलाब परत आले की घरचे म्हणणार, ‘बघा, तेलच औषध होतं.’

तिसरा: पुन्हा प्रेडनिसोलोन. दोनदा फसलेलं होतं.

चौथा: बायोलॉजिक. अडचण पैशाची आणि प्रतिकारशक्ती दबल्याने टीबी उसळण्याच्या भीतीची.

पाचवा: शस्त्रक्रिया. शेवटच्या आतड्याचा ४० सेंमीपेक्षा कमी भाग बाधित आणि अरुंदपणा नसेल, तर दुर्बिणीने तो भाग काढणं इन्फ्लिक्सिमॅब या बायोलॉजिकइतकंच समाधानकारक ठरतं, हे युरोपातल्या १४३ रुग्णांच्या चाचणीत २०१७ मध्ये दिसलं आहे. आपल्याकडे ‘ऑपरेशन म्हणजे सगळं संपल्यावर’ अशी समजूत असल्याने हा पर्याय घरच्यांसमोर नीट मांडलाच जात नाही.

यांतलं काही ठरवण्याआधी एक माहिती हवी होती: आतडं अरुंद झालंय का? रुग्णाला खोदून विचारल्यावर कळलं की जेवणानंतर तासाभराने पोट फुगतं, गुडगुडतं, आणि मिसळ खाल्ली की दुपार वाया जाते. तेल सुरू झाल्यापासून दुखणं कमी होतं, फुगणं वाढलं होतं. हा धागा महत्त्वाचा. अरुंद आतड्यामागे गती मंदावणारं कोणतंही औषध धोक्याचं.

एमआर एन्टेरोग्राफीत (लहान आतड्याच्या एमआरआयमध्ये) शेवटचं ११ सेंमी आतडं जाड आणि दाहयुक्त, त्यात ३ सेंमीचा अरुंद भाग, आणि त्यामागचं आतडं ३.१ सेंमीपर्यंत फुगलेलं दिसलं. तीन सेंमीच्या पुढे फुगवटा गेला की अरुंदपणा खरा धरायचा.

काय केलं

सुरुवात गांजाच्या बंदीने केली नाही, आधी दाहाचं औषध दिलं. आतड्याच्या शेवटच्या भागात विरघळणारं ब्युडेसोनाइड ९ मिग्रॅ रोज सकाळी. शरीरभर परिणाम प्रेडनिसोलोनपेक्षा कमी, आणि बायोलॉजिक हाती येईपर्यंतचा काळ निभावतो.

ओढणं त्याच दिवशी थांबवलं, कारण त्यात तंबाखू होता आणि तंबाखू क्रोन्सला थेट बिघडवतो. तेल पहिला आठवडा अर्धा मिली, दुसऱ्या आठवड्यात बंद. झोप उडेल, चिडचिड होईल, संडास वाढेल, हे आधीच कागदावर लिहून दिलं. तेवढे पंधरा दिवस रात्रपाळी नको असं पत्र कारखान्याला दिलं. टीएचसीचा अंमल असताना फिरत्या मशीनजवळ उभं राहणं किंवा पहाटे दुचाकीवरून घरी येणं हा वेगळाच धोका होता, त्याबद्दल तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

बाटली मागवून लेबल वाचलं. ३० मिलीत ‘३,००० मिग्रॅ अर्क’, म्हणजे १ मिलीत १०० मिग्रॅ अर्क. त्यात टीएचसी किती, सीबीडी किती, हे कुठेच नाही. अर्काचे मिलिग्रॅम आणि सीबीडीचे मिलिग्रॅम एकच समजणं ही इथली सर्वांत सामान्य चूक. झोप, भूक आणि थोडी गुंगी या रुग्णाच्या वर्णनावरून काम टीएचसी करत होतं असं दिसतं.

एएलटीचा प्रश्न अवघड असू शकला असता. ॲझाथायोप्रिन आणि सीबीडी दोन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. ॲझाथायोप्रिन दोन महिने बंद असल्याने संशय तेलावर गेला, आणि ते थांबवल्यावर चार आठवड्यांत एएलटी ३८ वर आलं. रुग्ण दोन्ही एकत्र घेत असता तर गुन्हेगार कोण हे कळायला महिने लागले असते, आणि बहुधा ॲझाथायोप्रिनच्या माथी दोष जाऊन ते कायमचं बंद झालं असतं.

बायोलॉजिक म्हणून ॲडालिमुमॅबचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाची जवळपास तशीच प्रत) निवडलं. अरुंद भाग असूनही हे औषध का? फ्रान्समधल्या ९७ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) लहान आतडं अरुंद झालेल्यांपैकी ६४ टक्क्यांना २४ आठवड्यांत ॲडालिमुमॅबने फायदा झाला होता. अरुंदपणात दाहाची सूज किती आणि चट्टा (जखम भरल्यावर उरणारा घट्ट वण) किती, यावर सगळं अवलंबून; सूज उतरते, चट्टा नाही. त्याआधी छातीचा सीटी स्कॅन, टीबीच्या सुप्त संसर्गासाठी इग्रा रक्तचाचणी, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासले, सगळं निरंक. हिपॅटायटिस बीची लस सुरू केली. टीबीच्या संशयाचा इतिहास लक्षात घेऊन ॲझाथायोप्रिन जोडीला परत दिलं नाही. जोडीने दिल्यास बायोलॉजिकविरुद्ध प्रतिद्रव्यं कमी बनतात हे खरं, पण संसर्गाचा धोका वाढतो. इथे पारडं सावधपणाकडे झुकलं.

पैशाचा प्रश्न अनपेक्षित वाटेने सुटला. रुग्णाचा पगार २१,००० च्या आत, म्हणजे तो कामगार विम्यात, ईएसआयमध्ये, होताच. मे महिन्यात हे कुणी विचारलंच नव्हतं. संदर्भपत्र, एमआरआयचा अहवाल आणि आधी फसलेल्या औषधांची तारखांसह यादी जोडून अर्ज केल्यावर पाच आठवड्यांत मंजुरी आली. पहिला डोस १६० मिग्रॅ (४० च्या चार सुया), दोन आठवड्यांनी ८०, मग दर दोन आठवड्यांनी ४०. पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फात कधीच नाही. एकदा गोठलं की ते वाया.

कायद्याचं बोलणंही झालं. एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. १ किलोपर्यंतचं प्रमाण ‘अल्प’ धरलं तरी ते बाळगणं गुन्हाच, वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पानं, म्हणजे भांग, या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात दारूबंदी कायदा, १९४९ खाली त्यांनाही परवाना लागतो. विजयायुक्त आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. ग्रहणीवरचं जातीफलादी चूर्ण कित्येक घरांत असतं आणि त्यात भांग हा प्रमुख घटक आहे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून ‘गांजा घेता का’ असं विचारून भागत नाही. चूर्णाची डबी समोर ठेवायला सांगावी लागते.

निष्पत्ती

पहिले दहा दिवस वाईट गेले. संडास सहावर, झोप तीन-चार तास. लिहून दिलेला कागद तेव्हा कामी आला. वडिलांनी तो फ्रिजवर चिकटवला होता. तिसऱ्या आठवड्यापासून ब्युडेसोनाइडचा गुण दिसू लागला.

ॲडालिमुमॅबच्या १४व्या आठवड्यात कॅलप्रोटेक्टिन ३९० होतं. आकडा उतरतोय म्हणून सगळे निर्धास्त झाले आणि फेब्रुवारीअखेर द्राक्षांच्या हंगामात रुग्ण निफाडला नातेवाइकांच्या बागेत गेला. सालीसकट भरपूर द्राक्षं, वर मक्याचं कणीस. त्या रात्री उलट्या, पोट ताठ, वारा बंद. दोन दिवस नाकातून नळी, सलाइन आणि उपास; अडथळा शस्त्रक्रियेविना सुटला. चोथा कमी खायचं सांगितलेलं होतं, पण ‘फळं पथ्याची’ हा समज त्याहून पक्का निघाला. पथ्याच्या यादीत द्राक्षाची साल, संत्र्याच्या फोडीचा पडदा, कणीस, मेथी आणि सुकं खोबरं ही नावं नंतर लिहिली गेली.

२६व्या आठवड्यात कॅलप्रोटेक्टिन १६५, सीआरपी ४, एएलटी ३१, वजन ५७. एमआर एन्टेरोग्राफीत बाधित भाग ६ सेंमीवर, मागचा फुगवटा २.४ सेंमीवर, अरुंद भाग मात्र २.५ सेंमी उरलाच, म्हणजे त्यात चट्टा आहे. दाह शांत असूनही रात्री दुखणं थोडं टिकून होतं. त्यासाठी ॲमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ रात्री सुरू केलं. ज्या दोन गोष्टींसाठी त्याला तेल हवंसं वाटत होतं, झोप आणि दुखणं, त्या सोडवल्याशिवाय तो तेलाकडे परत वळणार नाही असं मानणं भाबडेपणा ठरला असता. मात्र या औषधाने बद्धकोष्ठ होतं, म्हणून डोस त्यापुढे न्यायचा नाही असं ठरलं.

शस्त्रक्रियेचा पर्याय मिटलेला नाही. वर्षभरात आणखी एकदा अडथळा आला किंवा फुगवटा पुन्हा ३ सेंमीपुढे गेला, तर दुर्बिणीने तो भाग काढायचा, हे सर्जनसोबत बसून आधीच ठरवलं आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

सर्वांत महाग पडला तो मे महिना. बायोलॉजिक सुचवताना किंमत सांगितली गेली, पण ती कशी भागवणार हे विचारलं गेलं नाही. ईएसआयचं कार्ड त्याच्या पाकिटात होतं. तेलाचा शोध त्या दिवसापासून सुरू झाला.

एमआर एन्टेरोग्राफीही तेव्हाच व्हायला हवी होती. स्टेरॉइड दोनदा उतरवता आलं नाही म्हणजे आत काहीतरी अडलंय अशी शंका घ्यायला जागा होती. जूनमध्ये अरुंद भाग माहीत असता, तर तेल सुचवणाऱ्यालाही थांबावं लागलं असतं.

एखादा रुग्ण ‘मी घेणारच’ म्हणत असेल तर त्याला हाकलण्यापेक्षा अटी घालणं बरं. सुरू करण्याआधी कॅलप्रोटेक्टिन, सीआरपी आणि यकृताची तपासणी. चालू औषधं एकही बंद नाहीत. आठ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा. कॅलप्रोटेक्टिन निम्म्यावर आलं नसेल तर जे मिळालं तो फक्त लक्षणांचा आराम, आणि उपचार वाढवायलाच हवेत. अरुंद आतडं, गर्भारपण, घरात मानसिक आजाराचा इतिहास, कमी वय, यंत्रावरचं किंवा गाडी चालवण्याचं काम, यांपैकी काही असेल तर या अटींवरही नाही. रोज घेणाऱ्याला वारंवार उलट्या होऊ लागल्या आणि गरम पाण्याने अंघोळ केली की बरं वाटतं असं तो म्हणाला, तर तो गांजाचाच उलटीविकार समजावा. क्रोन्स उसळला म्हणून स्टेरॉइड देऊ नये.

या रुग्णाकडे मेचा ९८० हा आकडा होता म्हणून सप्टेंबरच्या १,०४० ला अर्थ आला. तो नसता तर हार्वे-ब्रॅडशॉ ४ पाहून त्याला शाबासकी देऊन घरी पाठवलं गेलं असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ऑनलाइन सल्ला देणाऱ्या वैद्यांना फोन केला गेला तो ऑक्टोबरमध्ये. त्यांना क्रोन्सचं निदान ठाऊक होतं. ॲझाथायोप्रिन बंद केल्याचं आणि पोट फुगत असल्याचं नव्हतं. तेव्हापासून रुग्णाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर सगळ्या औषधांची एकच यादी असते, चूर्ण-तेलासकट, आणि ती दोन्हीकडे दाखवली जाते.